घड्याळकाकांचं ‘नाही’

या मंडळी, असे जरा पुढे सरका. भिंतीला टेकून, पाय पसरून ऐकण्याची ही गोष्ट नाही. गोष्ट आहे एका एवढ्याशा उत्तराची. "नाही." एका म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे हे उत्तर पाच वेळा लिहिलं गेलं आणि पाचही वेळा ते खोटं होतं. कुणी लिहिलं, का लिहिलं, ते शोधायला एक बाई चार दिवस जिने चढली-उतरली. तिला उत्तर सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असंही तिला क्षणभर वाटलं. पण सत्य हे देवाचं लेकरू, कसंही दिसलं तरी कडेवर घ्यावंच लागतं. तर ऐका.

सोमवारी सकाळी पाहणी कार्यालयाच्या दारात एक चाळिशीची बाई उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात गुंडाळी केलेलं कॅलेंडर. कुणी बसा म्हणायच्या आत तिने ते साहेबांच्या टेबलावर पसरलं. मागच्या पाच महिन्यांच्या पानांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या. एकूण नऊ.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणे. वय अठ्ठ्याहत्तर, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत. मागच्या आठवड्यात न्हाणीघरात पडले आणि दोन दिवस तिथेच पडून राहिले. शेजारच्या बाईंना नळाचा आवाज थांबेना म्हणून शंका आली. दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी गेले. प्रत्येक फुली म्हणजे एकेक पडणं. काकांनी स्वतःच मांडून ठेवलं होतं.

लेकीचा प्रश्न साधा होता. हे कार्यालय एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर महिन्याला विचारतं, गेल्या महिन्यात पडलात का? जो ‘होय’ म्हणतो त्याच्याकडे दर आठवड्याला नर्स जाते, न्हाणीघरात धरायला दांडी बसवते. सलग तीन ‘नाही’ आले की नर्स बंद. काकांकडची नर्स दोन महिन्यांपूर्वी बंद झाली.

"नऊ वेळा पडलेल्या माणसापुढे ‘नाही’ कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

साहेबांनी संगणकात पाहिलं. पाचही नोंदींखाली एकच क्रमांक होता. सतरा.

सतरा नंबर म्हणजे ताई. तेरा वर्षं घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी. साहेबांनी मान हलवली आणि हळहळत म्हणाले की घरी बसून फॉर्म भरणारे लोक असतातच, पण ताईकडून ही अपेक्षा नव्हती. चार दिवसांत अहवाल येईल, दोष सिद्ध झाला तर ताई कामावरून जाईल आणि प्रकरण पोलिसांत.

अहवालाचं काम मावशींकडे आलं. मावशी म्हणजे कार्यालयातल्या फेरतपासनीस. दहातल्या एका घरी पुन्हा जायचं आणि विचारायचं, पाहणीची मुलगी खरंच आली होती का, काय विचारलं, किती वेळ बसली. तीस वर्षं हेच काम. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. पण पाच महिन्यांपूर्वी घरभेटी बंद होऊन पाहणी फोनवर गेली, आणि साहेबांनी सांगितलं की आता तपासणी यंत्रच करेल. कृत्रिम बुद्धिमत्ता, मावशी, माणसापेक्षा बारीक नजर. तेव्हापासून मावशी खिडकीजवळ बसून जुन्या फायलींना नवे बंद बांधत होत्या. "माझी नजर जाड, म्हणून मला जाड कामं," असं म्हणत.

ताई मागच्या कोठीत सापडली. जुन्या प्रश्नावल्या खोक्यांत भरत होती. गुडघ्यावर पट्टा.

"घड्याळकाका गेले, कळलं?"

ताईने मान हलवली. बराच वेळ ती एकच कागद सरळ करत राहिली.

"त्यांना शेवटचं कधी भेटलीस?"

"घरभेटींच्या शेवटच्या फेरीत. पाच महिने झाले."

"त्यानंतर फोन?"

"मी फोन करत नाही, मावशी. माझं नाव फोनच्या यादीतच नाही. गुडघा गेला तेव्हापासून मी इथेच आहे."

"पाच महिने फक्त कागद लावतेस?"

ताईने आठवून सांगितलं. सुरुवातीला चार दुपारी साहेबांनी तिच्याकडून वाचून घेतलं होतं. बंद खोलीत, माइकपुढे. सगळे प्रश्न वाचले, गोष्टी वाचल्या, वर्तमानपत्रसुद्धा वाचलं. नव्या मुलींना शिकवायला हवं, असं साहेब म्हणाले होते. मावशींनी विचारलं, नव्या मुली आल्या का? अजून तरी नाही, ताई म्हणाली.

मावशींनी तेवढं वहीत टिपलं आणि जुना, नेहमीचा संशयही विचारून घेतला. ‘पडलात का’ हा प्रश्न क्रमांक सहा. ‘होय’ म्हटलं की त्याच्या पोटातून एकोणीस उपप्रश्न निघतात. कुठे पडलात, कशाला धरून उठलात, किती वेळ लागला. ‘नाही’ म्हटलं की थेट सातवर उडी. दमलेली मुलगी सहावर हळूच ‘नाही’ करून टाकते, हे पाप या धंद्यात जुनं आहे.

"तेरा वर्षांत एकदाही केलं नाहीस?"

"दुसऱ्या वर्षी एकदा केलं होतं. तुम्हीच पकडलं होतं. विसरलात?"

मावशी विसरल्या नव्हत्या. त्या दिवशी ताई रडली होती आणि मावशींनीच तिला पाणी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आकडेवाल्याकडे गेल्या. यंत्राकडून विश्लेषण करून घेणारा तरुण अधिकारी, त्याला सगळे आकडेवाला म्हणत. फोनच्या प्रत्येक मुलाखतीचं ध्वनिमुद्रण असतं. मावशींनी काकांची पाचही मागितली. त्याने आढेवेढे घेतले, साहेबांना विचारावं लागेल म्हणाला. मावशी म्हणाल्या, विचार की, मी इथेच बसते. आणि तिथेच बसल्या. तासाभराने त्याने मुद्रणं लावली.

मावशींनी पहिलंच पुन्हा एकदा लावायला सांगितलं. आवाज ताईचाच होता. तोच जरासा दाटलेला, मायेचा.

"नमस्कार आजोबा. गेल्या महिन्यात तुम्ही घरात किंवा बाहेर कधी पडलात का?"

"नाही, नाही. अजिबात नाही. गुडघा काय म्हणतोय तुझा?"

"उत्तर नोंदवलं आहे. आता पुढचा प्रश्न."

दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्यात काका हसल्यासारखे म्हणाले, "साहेब शेजारी उभे आहेत वाटतं. नको बोलूस. गुडघ्याचं फक्त हो-नाही सांग." आवाज पुढच्या प्रश्नावर गेला. काकांनी एक उसासा सोडला आणि उत्तर दिलं. पाचव्यात त्यांचा आवाज खोल गेलेला होता, बोलताना धाप लागत होती. "नाही लिही," ते म्हणाले, "आणि घरी जा वेळेवर."

मावशींनी ताईला बोलावून तिसरं मुद्रण ऐकवलं. ताईने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"आवाज माझा आहे," ती म्हणाली. "पण मी हे बोललेले नाही. आणि मी त्यांना आजोबा कधीच म्हटलं नाही. मी काकाच म्हणायचे. कुणी आजोबा म्हटलं तर ते रागवायचे, म्हणायचे, अजून दात शाबूत आहेत."

आकडेवाला खिडकीबाहेर पाहत होता.

तिसऱ्या दिवशी मावशी लेकीबरोबर काकांच्या खोलीवर गेल्या. चौसष्ट पायऱ्या. खोलीत पलंग, एक खुर्ची आणि खिडकीशी कामाचं टेबल. त्यावर भिंग, चिमटे, औषधाच्या झाकणात सुटे स्क्रू. शेजारच्या बाईंनी सांगितलं की महिन्याच्या ठरल्या दिवशी काका सकाळपासून फोनजवळ बसत. पाहणीवाल्या मुलीचा फोन येणार म्हणत. फोन झाला की घड्याळ पाहत आणि खूश होत. एकदा त्यांच्या कपाळाला टेंगूळ आलेलं असताना फोन आला. बाई तिथेच होत्या. काका फोनवर म्हणाले, पडलो नाही. बाईंनी नंतर खडसावलं, असं का सांगितलंत? तर म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं, यातलं यंत्र मी उघडून पाहिलंय.

"कसलं यंत्र?"

बाईंना ठाऊक नव्हतं. घड्याळाचं असेल, त्या म्हणाल्या.

टेबलाच्या खणात मावशींना एक पुठ्ठा सापडला. काकांनी घड्याळाच्या आतल्या चाकांची चित्रं काढावीत तसं त्यावर बारीक रेखाटन होतं. एक चाक, त्यावर सहाचा आकडा. त्यातून दोन वाटा. एक वाट एकोणीस दातांच्या मोठ्या चाकाला लागत होती, शेवटी लिहिलं होतं ४३. दुसरी वाट सरळ पुढे, शेवटी लिहिलं होतं ४. खाली तारीख होती, घरभेटींच्या शेवटच्या फेरीची.

मावशी खुर्चीत बसल्या. लेकीने विचारलं, हे काय आहे? मावशी म्हणाल्या, शुक्रवारी सांगते, एक आकडा बघायचा राहिलाय.

परत येऊन त्यांनी आकडेवाल्यासमोर खुर्ची ओढली.

"काकांचा शेवटचा फोन झाला त्या दिवशी सतरा नंबरने किती मुलाखती घेतल्या?"

त्याने पडदा जरा स्वतःकडे वळवला.

"अरे, तुझ्या आईच्या वयाची आहे मी. माणूस दिवसाला बारा करतो. हिने किती केल्या?"

"दोनशे बारा," तो म्हणाला.

"बरं. आता एक कर. ही सगळी घरं वेगवेगळी मांड. पूर्वी ज्या घरी जी बाई जायची, त्याप्रमाणे. आणि पडण्याचे आकडे काढ, फोनच्या आधीचे आणि नंतरचे."

पाच मिनिटांचं काम, पण कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर आकडे आले तसा आकडेवाल्याचा चेहरा उतरला. मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि ते पान छापून घेतलं.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत पाचजण बसले. साहेब, आकडेवाला, लेक, ताई आणि मावशी. लेक आणि ताई समोरासमोर. लेकीने ताईकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मावशींनी वही उघडली. आधी साहेबांना विचारलं की ताईने या पाच महिन्यांत एकतरी फोन केला आहे का. साहेब म्हणाले, नोंदीत क्रमांक तिचाच आहे.

"नोंदीत आहे. पण एका दिवसात दोनशे बारा मुलाखती माणूस घेत नाही. एकाच मिनिटाला तीन घरांत ती बोलत होती. ते बोलणारं यंत्र आहे, साहेब. चार दुपारी हिच्याकडून वाचून घेतलंत, त्यातून हिचा आवाज यंत्राला दिलात. हिला सांगितलं नाहीत, ऐकणाऱ्यांनाही नाही. नियम म्हणतो प्रत्येक मुलाखतीखाली माणसाचा क्रमांक हवा, म्हणून हिचाच क्रमांक घातलात."

साहेबांनी आकडेवाल्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला की ताईंची संमती आहे असं त्याला सांगितलं होतं, आणि बाहेर बोलू नकोस असंही.

साहेब सावरून बसले. परक्या आवाजाला लोक फोन ठेवून देतात, ते म्हणाले. ताईच्या आवाजाला थांबतात. पाहणी चालावी म्हणूनच केलं. आणि यंत्राने चूक कुठे केली? प्रश्न बरोबर विचारला, उत्तर बरोबर लिहिलं. ‘नाही’ काका स्वतःच म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या. "तेच तर कोडं होतं."

त्यांनी लेकीपुढे पुठ्ठा ठेवला. पुढचं त्यांना सांगवत नव्हतं, कारण आता त्या जे सांगणार होत्या त्याने ताई निर्दोष ठरणार होती आणि त्यानेच ती मोडणारही होती. पुठ्ठा सापडल्यापासून त्यांनी दुसरी वाट शोधली होती. सापडली नव्हती.

शेवटच्या घरभेटीत काका ‘होय’ म्हणाले होते. ताईचा गुडघा तेव्हा सुजलेला. एकोणीस उपप्रश्न झाले, त्रेचाळीस मिनिटं लागली. मध्येच कार्यालयातून फोन आला, उशीर का म्हणून बोलणी बसली, आणि काकांनी ती ऐकली. ताईने मान हलवली, तसंच झालं होतं. घड्याळ उघडून बघायची सवय असलेला माणूस. त्याने प्रश्नावली उघडून पाहिली. सहावर ‘होय’ म्हटलं की ही मुलगी त्रेचाळीस मिनिटं अडकते. ‘नाही’ म्हटलं की चार मिनिटांत सुटते.

"उत्तराचा फायदा काय, हे उत्तर देणाऱ्याला सांगायचं नाही, हा आपलाच नियम," मावशी ताईकडे वळून म्हणाल्या. "नाहीतर नर्ससाठी लोक खोटं ‘होय’ म्हणतील, ही आपल्याला भीती. म्हणून ‘नाही’ने नर्स जाईल हे काकांना माहीतच नव्हतं. त्यांना एवढंच कळलं होतं की ‘नाही’ने तू लवकर सुटतेस. फोनवर तू तुटक बोलतेस, गुडघ्याचं विचारलं तर गप्प बसतेस, तर त्यांना वाटलं शेजारी साहेब उभे आहेत. म्हणून आणखी सांभाळून घेतलं. ज्याला गुडघाच नाही त्याच्यावर त्यांनी दया केली."



मावशींनी छापलेलं पान साहेबांपुढे सरकवलं. फोनपद्धतीने पडण्याचं प्रमाण घटलं, असा अहवाल यंत्राने लिहिला होता, आणि साहेबांनी तो वरच्या सभेत वाचून शाबासकी घेतली होती. पण इतर बायकांच्या घरांत काहीच घटलं नव्हतं. तिथल्या लोकांना हा आवाज अनोळखी होता, ते खरं सांगत होते. घटलं होतं फक्त ताईच्या एकशे चाळीस घरांत. महिन्याला अडतीस पडणी होती, ती तीनवर आली होती.

"जिथे जिथे हिच्यावर जीव होता, तिथे तिथे लोक पडायचे थांबले. तुमच्या यंत्राला यात प्रगती दिसली. आणि एक माणूस मेल्यावर खरं सांगायचं सोडून तुम्ही हिचा नंबर पुढे केलात. मेलेल्याने ‘नाही’ म्हटलं ते प्रेमाने. तुमचं खोटं कशाने होतं, ते तुम्ही वर सांगा."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मावशींचा अहवाल त्याच दुपारी वर गेला. पुढच्या आठवड्यात त्यांची खुर्ची रिकामी होती. पण त्या खोलीत तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ताई रडत नव्हती. ती गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहत होती. मग हळू म्हणाली, "त्या दिवशी निघताना मी त्यांच्यापुढे जिन्यावर बसायलाच नको होतं. दुखतंय हे दाखवायला नको होतं."

मावशी काही म्हणणार होत्या, पण लेक आधी बोलली. पहिल्यांदाच ताईकडे बघून.

"मी दर रविवारी फोन करायचे. विचारायचे, बाबा, बरे आहात ना? ते म्हणायचे, एकदम मस्त, ठेव आता, तुला कामं असतील." ती थांबली. "मी ठेवायचे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग लेकीने खुर्ची टेबलाला वळसा घालून ताईच्या शेजारी आणली आणि तिचा हात हातात घेतला. आकडेवाला उठून बाहेर गेला. दाराबाहेर तो बराच वेळ नाक पुसत होता, असं शिपाई नंतर म्हणाला.

मावशींनी पान उचललं. एकशे चाळीसातलं एक घर आता कमी. उरलेल्या एकशे एकोणचाळिसांत अजून कुणीतरी पडत होतं आणि ‘नाही’ म्हणत होतं.

"चालवेल का तुला?" त्यांनी ताईला विचारलं.

"चढेन हळूहळू."

पहिलं घर जवळच होतं, तळमजल्यावर. तिथे कपडे शिवणारी एक आजी राहत होती. दार उघडून ताईला पाहिल्यावर तिने आधी आत नेऊन बसवलं आणि मग तक्रार केली की हल्ली फोनवर फारच तुसडी झालीस बाई. ताईने कान पकडले. मग वही काढून सहावा प्रश्न विचारला. आजी चटकन म्हणाली, नाही, मी कुठली पडतेय.

ताईने वही मिटून बाजूला ठेवली. पट्टा सोडला आणि जमिनीवर पाय लांब करून ऐसपैस बसली.

"आजी, आज मला कुठेच जायचं नाहीये."

आजीने तिच्याकडे पाहिलं. दाराबाहेर पाहिलं, कुणी उभं आहे का. मग सावकाश बाही वर सरकवली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळंनिळं होतं.

"परवा," ती म्हणाली. "आणि त्याच्या आधी, सांगू?"

"सांगा."

आजी सांगत राहिली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, भिंतीवर चढलं, तरी सांगत राहिली. ताई वही पुन्हा उघडून लिहीत राहिली.

मायबापहो, मागणं एवढंच. त्या घड्याळकाकांचं नाव मी तुम्हाला सांगितलं नाही. देवाला ते ठाऊक आहे, तुम्ही हात जोडलेत तर त्याला कळेल कुणासाठी. आपल्या माणसाने "मी बरा आहे, तू जा" म्हटलं की एकदा त्यांची आठवण काढा. आणि लगेच उठू नका.